सहाशे रुपयांतले दोन गणवेश

२६ जानेवारी २०२५ ला ध्वजवंदनाच्या वेळी आमच्या चौथीतल्या एका पोरानं उजव्या हातानं सलामी दिली आणि डाव्या हातानं चड्डी धरून ठेवली. राष्ट्रगीत संपेपर्यंत गडी जागचा हलला नाही. पाहुणे म्हणून आलेले माजी सरपंच नंतर मला म्हणाले, "शिस्त लई चांगली हाय, बाई." मी काय बोलणार! त्याच्या मागच्या रांगेतल्या सहावीतल्या पोराच्या शर्टाचं मधलं बटण लागत नव्हतं आणि त्यानं तिथं तिरंग्याचा बॅज टोचून वेळ मारून नेली होती.

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, विट्यापासून वडापनं अर्ध्या तासावर आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते सातवी, पट ६४. मी मुख्याध्यापिका, म्हणजे पाचवीची वर्गशिक्षिका, पोषण आहाराची हिशेबनीस आणि यंदा कापडाची व्यापारीही. त्या शेवटच्या धंद्याची ही हकीकत.

आधी थोडं मागचं सांगते, कारण नव्यानं चार्ज घेतलेल्या शिक्षकांना हा घोळ कळत नाही. समग्र शिक्षा ही केंद्राची शाळांसाठीची योजना २०१८ ला आली तेव्हा दोन गणवेशांचे मिळून वर्षाला सहाशे रुपये ठरले. त्याआधी सर्व शिक्षा अभियानात चारशे होते. हे पैसे सगळ्या मुलींना, आणि मुलांपैकी अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्यांना. बाकीची मुलं बिचारी तशीच राहायची. २०२३ मध्ये राज्यानं आपल्या पैशातून त्यांनाही गणवेश द्यायचं ठरवलं, ते फार बरं झालं. एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकाला नवा शर्ट आणि दुसऱ्याला नाही, हे वाटप करताना आम्हालाच मान खाली घालायला लावायचं.

मग २०२४-२५ ला 'एक राज्य, एक गणवेश' आलं. कापडाची खरेदी एकत्र, शिलाई महिला बचत गटांकडून, मापं इयत्तेवरून. दुसऱ्या गणवेशाचं, म्हणजे स्काऊट-गाईडचं, कापड शाळेत आलं. ते आम्ही शिवून घ्यायचं, शिलाई शंभर रुपये आणि वरखर्चाला दहा. शंभर रुपयांत शर्ट-चड्डी शिवणारा टेलर मी तालुकाभर शोधला. एकजण हसला. दुसऱ्यानं चहा पाजला आणि मग हसला. शेवटी २० डिसेंबर २०२४ ला शासन निर्णय आला, की २०२५-२६ पासून गणवेश पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीनंच घ्यायचा. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी टाळ्यांचा पाऊस पडला. मीही चार टाळ्या टाकल्या. रक्कम मात्र २०१८ चीच आहे, हे सगळ्यांच्या लक्षात यायला जून उजाडला.

१६ जूनला शाळा भरली. समितीची दोन वर्षांची मुदत संपत आली होती, म्हणून आधी पालकसभा घेऊन नवी समिती. तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, सचिव मी. अध्यक्षपदी तिसरीतल्या एका मुलीची आई निवडून आली. हुशार बाई, बारावी झालेली, हिशेबाला पक्की. तिनं पहिल्याच बैठकीत कागदावर आकडे मांडले: मुली ३३, समग्रमधून पात्र मुलगे १२, मिळून ४५ म्हणजे सत्तावीस हजार. राज्याच्या पैशातले मुलगे १९, म्हणजे अकरा हजार चारशे. एकूण अडतीस हजार चारशे. मग तिनं विचारलं, "बाई, पोरांचं कापड एकच घ्यायचं, मग बिलं दोन का?" मी म्हटलं, लेखाशीर्षं, म्हणजे खर्चाची सरकारी खाती, दोन, म्हणून. ती म्हणाली, "म्हंजे एकाच थानातनं दोन बिलं फाडायची." इतक्या थोडक्यात मला कुठल्या प्रशिक्षणातही कोणी सांगितलं नव्हतं.

ठराव झाला: आकाशी शर्ट, नेव्ही ब्लू चड्डी, चौथीपर्यंतच्या मुलींना पिनो फ्रॉक, मोठ्यांना सलवार-कुर्ता. सूचक, अनुमोदक, सह्या. रेडीमेड घ्यायचे की शिवून, यावर मात्र तासभर वाद. रेडीमेडवाल्यांचा प्रतिनिधी आधीच शाळेत येऊन बॅग ठेवून गेला होता, आणि त्याचा दर तीनशेच्या आत बसत होता. बॅगेतल्या शर्टाचा खिसा एका आजोबांनी चिमटीत धरून नुसता ओढला, तर शिवणीत उजेड दिसला. तिथं वाद संपला. शिवूनच घ्यायचे. एका सदस्यांनी जेम पोर्टलचं, म्हणजे सरकारी खरेदीच्या वेबसाइटचं, नाव काढलं. बाक आणि प्रिंटर घ्यायला ते ठीक आहे. पण पहिलीतल्या पोराची कंबर तिथं कुठल्या रकान्यात भरायची?

आता बँक. अध्यक्ष बदलले की सहीचा नमुना बदलावा लागतो. ठराव, फोटो, आधार, पॅन, सगळं घेऊन आम्ही दोघी विट्याला गेलो. काउंटरवरच्या मुलानं आधार नंबर टाकला आणि म्हणाला, ओटीपी सांगा. अध्यक्षताईंच्या आधारला नंबर जोडलेला नवऱ्याचा. नवरा कोइमतूरला. आमच्या भागातली निम्मी घरं गलाईवर चालतात. सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या धंद्यात माणसं देशभर पांगलेली आहेत, आणि गावातल्या कितीतरी बायकांचे ओटीपी असेच तमिळनाडू-केरळात वाजतात. तिनं फोन लावला. उचलला नाही. "भट्टी पेटीवली आसंल," ती म्हणाली. "भट्टीवर आसले की फोन धरत न्हाईत." ओटीपीची मुदत गेली. दुसरा पाठवला, तोही गेला. तिसऱ्या वेळी दुकानातल्या पोऱ्यानं फोन घेतला आणि मराठी-तमिळ मिसळून सहा आकडे सांगितले, त्यातला एक चुकला. दुपारी साडेतीनला काम झालं. येताना ताईंनी आधी आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर जोडायला अर्ज टाकला. मी तेव्हापासून नव्या अध्यक्षांना निवडीच्या दिवशीच पहिला प्रश्न विचारायचा ठरवलाय: आधारला नंबर कुणाचा?

कापडासाठी सांगली. विट्यात यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर असतो, तरी माग सोडून बाहेर येतं ते कोरं कापड; गणवेशाचं रंगीत थान बघायला आम्हाला तासगावमार्गे सांगलीच्या कापड पेठेत जावं लागतं. मी, अध्यक्षताई आणि आमच्या गावातली टेलर मावशी. मावशीला नेण्याची अक्कल मला मागच्या चुकीनंतर आली. मागं एकदा मी एकटीच जाऊन पडद्याचं कापड आणलं होतं, पन्हा न बघता. ते पडदे अजून खिडकीच्या निम्म्यापर्यंतच पोचतात.

तीन दरपत्रकं लागतात. पहिल्याच दुकानात मालक म्हणाले, "बाकीची दोन मीच देतो की मॅडम, कशाला उन्हात फिरता?" आणि त्यांनी ड्रॉवर उघडला, आत दोन वेगळ्या दुकानांची कोरी लेटरहेड. मी फार सचोटीची आहे म्हणून नाही म्हटलं असं नाही. एका ओळखीच्या मुख्याध्यापकांच्या तीन दरपत्रकांवर एकाच पेनाचं एकच अक्षर निघालं होतं, आणि त्या तपासणीचं उत्तर लिहिता लिहिता ते निवृत्त झाले. म्हणून आम्ही पायपीट केली. फायदाही झाला: त्याच प्रतीच्या कापडात मीटरमागे नऊ रुपयांचा फरक पडला.

मावशीनं कापड बघितलं ते सांगण्यासारखं आहे. दुकानात ट्यूबलाइटखाली तीन नेव्ही ब्लू सारखेच दिसत होते. तिनं तिन्हींचे तुकडे मागितले आणि रस्त्यावर उन्हात नेऊन पायरीवर पसरले. एक जांभळट निघाला, एक काळपट. मग पिशवीतली पाण्याची बाटली काढून उरलेला तुकडा भिजवला आणि स्वतःच्या पांढऱ्या रुमालावर चोळला. रुमालावर फिकट निळी रेघ उठली. दुकानदार म्हणाला, पहिल्या धुण्याला थोडा जातो. मावशी म्हणाली, "पहिल्या धुण्याला जातोय त्यो आकाशी शर्टावर बसतोय. दुसरं दाखवा." चौथं थान पास झालं. शर्टिंग ६८ रुपये मीटर, सूटिंग ११५, वर पाच टक्के जीएसटी.

हिशेब कसा बसतो ते एका मुलावरून सांगते. तिसरीतल्या मुलाला शर्टाला एक मीटर, चड्डीला साठ सेंटिमीटर. अडुसष्ट आणि एकोणसत्तर, एकशे सदतीस. जीएसटीसकट एकशे चव्वेचाळीस. शिलाई मावशीनं जोडीला एकशेचाळीस सांगितली, दोरा-बटणं-इलॅस्टिक तिचंच. म्हणजे दोनशे चौऱ्याऐंशी, सोळा रुपये शिल्लक. विट्यात एवढ्या शिलाईला अडीचशेच्या खाली कोणी हात लावत नाही. मावशीनं लावला, कारण एकदम ६४ जोड होते, शिवाय तिच्या दोन जावा मदतीला होत्या आणि तिची नात पहिलीत होती. आता सातवीतली मुलगी बघा. ओढणीसकट तिचं कापडच तीनशेच्या घरात जातं, शिलाई वेगळी. ती तूट पहिली-दुसरीच्या लहान पोरांच्या सोळा-वीस रुपयांतून भरायची. मोठ्या मुली पाचच होत्या म्हणून आमचं जमलं. ज्या शाळेत सातवी-आठवीचाच पट मोठा, त्यांनी हे गणित कसं घालावं हे मला खरोखर कळत नाही. जीआर काढणाऱ्यांना मूल म्हणजे सरासरी मूल दिसत असणार.

पहिल्या जोडाचा खर्च: कापड ९,८७०, शिलाई ८,९६०. एकूण १८,८३०, मंजूर १९,२००. तीनशे सत्तर उरले, पण तिघींचं सांगलीचं एसटी भाडं त्यात धरता आलं नाही. महिलांना तिकीट अर्धं आहे म्हणून मी पर्समधूनच दिलं आणि विषय सोडला.

मापं घ्यायचे दोन दिवस मात्र शाळेत जत्रेसारखे गेले. व्हरांड्यात मावशी टेप घेऊन, शेजारी सातवीतल्या दोन मुली वहीत लिहायला. एकेक पोर पुढं येतं, हात पसरतं, छाती फुगवतं. "फुगवू नगंस," मावशी म्हणते, "श्वास सोड." ज्या पोरानं जानेवारीत चड्डी धरून सलामी दिली होती, त्याची कंबर बावीस निघाली; मागच्या वर्षी त्याला इयत्तेप्रमाणे सव्वीसची आली होती. काही आया मुद्दाम येऊन सांगून गेल्या, "जरा मोठंच शिवा, दोन वरीस चालंल." मावशी म्हणाली, मोठं शिवत नाही, आत माया ठेवते. शिवणीत आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला आपल्याकडं माया म्हणतात. कमरेला दोन बोटं, चड्डीच्या खालच्या दुमडीत तीन. पोर वाढलं की उसवायची आणि पुढं सरकवायची. गणवेशाच्या कुठल्याही परिपत्रकात मी हा शब्द वाचलेला नाही.

कापड आम्ही महिन्याच्या बोलीवर उधार आणलं होतं, कारण खात्यावर अजून काहीच दिसत नव्हतं. समग्र शिक्षेचं आपलं खातं झिरो बॅलन्सचं. २०२१ पासून पैसे शाळेच्या खात्यात येऊन पडत नाहीत, वरच्या मुख्य खात्यातून खर्चाची मर्यादा तेवढी मिळते. ती मर्यादा रोज बघायची, संकष्टीला चंद्र बघावा तशी. गावातल्या लोकांना हे पटत नाही. "शाळेला गणवेशाचं पैसं आल्यात म्हनं, बाईंनी ठेवल्यात," असं पारावर बोलणं झालंच.

मर्यादा ऑगस्टमध्ये दिसली. मग पीएफएमएस, म्हणजे सरकारी पैसे चुकते करायची ऑनलाइन यंत्रणा. मेकरचं, म्हणजे नोंद भरणाऱ्याचं, लॉगिन आमच्या सहशिक्षिकेकडं, चेकरचं, म्हणजे ती मंजूर करणाऱ्याचं, माझ्याकडं. दुकानदार व्हेंडर म्हणून लगेच नोंदला गेला. मावशी अडकली. खातं चालू होतं, लाडक्या बहिणीचे दीड हजार त्याच खात्यात येतात; पण बँकेत नाव आधी आडनाव, मग तिचं, मग नवऱ्याचं, आणि आम्ही भरलं आधी तिचं. खातं पडताळणीत नापास. दुरुस्त करून परत भरलं, परत दोन दिवस वाट. पासबुकावर जसं छापलंय तसंच, मधल्या मोकळ्या जागेसकट भरायचं, हे मला शेजारच्या केंद्रातल्या गुरुजींनी फोनवर सांगितलं. मॅन्युअलमध्ये कुठंतरी असेलही.

त्यानंतर खर्चाची नोंद, मंजुरी, आणि पीपीए, म्हणजे बँकेला द्यायचा पैसे देण्याचा आदेश, छापून काढायचा. त्यावर माझी आणि अध्यक्षताईंची सही, शिक्का, आणि दहा दिवसांत बँकेत. मी शुक्रवारी काढला. ताई शनिवारी माहेरी गेल्या, दीर आजारी म्हणून तिथून कराडच्या दवाखान्यात, मग गणपती. अकराव्या दिवशी सही झाली तेव्हा कागद रद्द झाला होता. पुन्हा पहिल्यापासून. यात कुणाचीच चूक नव्हती, म्हणून चिडायलाही कुणी सापडलं नाही. आता मी आधी ताईंना फोन करते, त्या गावात आहेत याची खात्री करते आणि मगच प्रिंटचं बटण दाबते.

गणवेश मात्र पैशांची वाट बघत थांबले नव्हते. १३ ऑगस्टला संध्याकाळी मावशीच्या पडवीत शेवटची काज-बटणं लागत होती. लाइट गेली तर तिच्या जावेनं मोबाइलचा टॉर्च धरला. १४ ला वाटप, पालकांच्या सह्या वाटप नोंदवहीत. १५ ला त्या पोरानं, आता पाचवीत आलेल्या, दोन्ही हात मोकळे ठेवून सलामी दिली. मी त्याच्याकडंच बघत होते, त्यामुळं झेंड्याची गाठ सुटायला वेळ लागला तो मला कळला नाही.

कागदांचं शेवटचं सांगते. कापडाची बिलं जीएसटीची, दोन लेखाशीर्षांची दोन, तुलनात्मक तक्ता आणि ठरावाची नक्कल जोडून. शिलाईचं बिल मावशीच्या साध्या पावतीवर, रक्कम पाच हजारांच्या वर म्हणून एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही. साठा नोंदवहीत आधी कापड मीटरमध्ये जमा, मग गणवेश नगात जमा, मग वाटपानं खर्ची. हे मी पहिल्यांदा चुकवलं. कापड जमा दाखवलं आणि थेट मुलांना गणवेश वाटले. मधे कापडाचे कपडे कधी झाले, असा शेरा किर्दीवर आला. शेरा रास्त होता. उरलेल्या चिंध्यांचीही नोंद करा असं एकानं गमतीनं सुचवलं. मी ती केलीसुद्धा: सव्वादोन मीटर तुकडे, फळा पुसण्यासाठी डस्टर, नग ११.

दुसरा जोड मावशीनं दिवाळीच्या सुट्टीत शिवून दिला. समग्रमधल्या ४५ मुलांची शिलाई तिला मिळाली. राज्याच्या पैशातल्या १९ मुलांची, दोन हजार सहाशे साठ रुपये, अजून यायची आहे. ती आठवड्यातून एकदा नातीला सोडायला येते आणि पैशांचं नाव न काढता दारात जरा जास्त वेळ थांबते. पावती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तिची सही झाली आहे, तारीख तेवढी कोरी ठेवली आहे.